ग्रेट स्लेव्ह लेक: होडी कुठून घालायची, कुठवर न्यायची आणि मासे कुठे (यलोनाइफ परिसर, नॉर्थवेस्ट टेरिटरीज, कॅनडा)

उत्तरवारा

मे महिना लागला की एडमंटन-कॅलगरीकडच्या मराठी मंडळींचे निरोप सुरू होतात. "आम्ही यलोनाइफला येतोय, होडी मिळेल का, मासे कुठे लागतात?" फोनवर तुटक सांगण्यापेक्षा एकदा सविस्तर लिहून ठेवते. मी इथेच राहते. पाणी मोकळं असतं तेवढे महिने आमच्या घरातलं बहुतेक सगळं सरोवराच्या तंत्राने चालतं.

आधी आकार डोक्यात बसवा. सुमारे २७,००० चौरस किलोमीटर पाणी, म्हणजे गोव्यासारखी सात राज्यं आत मावतील. पश्चिम टोकापासून पूर्वेकडच्या रिलायन्स या ठिकाणापर्यंत साडेचारशे किलोमीटरहून जास्त लांबी. पूर्वेकडच्या क्रिस्टी बे या आखातात खोली ६१४ मीटर. उत्तर अमेरिकेत याहून खोल सरोवर नाही. आणि एवढ्या पाण्याच्या काठावर गावं किती? यलोनाइफ, त्याला लागून डेट्टा आणि न्डिलो, उत्तरेच्या फाट्यावर बेचोको, दक्षिणेला हे रिव्हर आणि फोर्ट रेझोल्यूशन, पूर्वेला लुट्सेल के. मध्ये शेकडो किलोमीटर ना पेट्रोल पंप, ना मोबाइलची रेंज, ना माणूस.

हे एकच सरोवर असलं तरी वागणूक तीन ठिकाणी तीन तऱ्हेची. पश्चिमेचा मोठा भाग त्या मानाने उथळ. दक्षिणेकडून स्लेव्ह नदी गाळ आणून ओतते, त्यामुळे तिकडचं पाणी गढूळ आणि उन्हाळ्यात थोडं कोमट. यलोनाइफच्या बाजूला, म्हणजे उत्तर काठाला, ग्रॅनाइटची बेटंच बेटं. आणि पूर्वेचा फाटा, ज्याला सगळे ईस्ट आर्म म्हणतात, तो खोल, नितळ आणि बर्फासारखा गार. भर जुलैत तिथे हात बुडवून ठेवला तर बोटं दुखायला लागतात.

एडमंटनहून गाडीने यलोनाइफ साधारण १,४५० किलोमीटर. होडी ट्रेलरवर घालून आणणारे बरेच आहेत. २०१२ च्या नोव्हेंबरात फोर्ट प्रॉव्हिडन्सजवळ मॅकेन्झी नदीवर डेह चो पूल झाला. त्याआधी उन्हाळ्यात फेरीबोट, हिवाळ्यात बर्फावरचा रस्ता, आणि मधल्या दिवसांत दोन्ही बंद. आता ती अडचण उरली नाही. पुलानंतरच्या पट्ट्यात मात्र बायसन (गव्यासारखे मोठे रानबैल) रस्त्यावर उभे असतात. अंधार पडल्यावर ट्रेलर ओढत तिथून येऊ नका.

होडी पाण्यात घालायला यलोनाइफमध्ये ओल्ड टाउनकडे सार्वजनिक रॅम्प आहे. तिथे एक पथ्य पाळायचं: त्याच पाण्यावर तराफ्याची विमानं उतरतात आणि उडतात. विमान वळताना दिसलं की इंजिन हळू करा आणि त्याची वाट सोडा. हाउसबोटींच्या मधूनही सावकाश जायचं. तिथे लोक बारा महिने राहतात.

आता मुख्य गोष्ट. इथे होडी पाण्यात घालणं सोपं आहे. परत कधी यायचं ते वारा ठरवतो. यलोनाइफ बे दक्षिणेकडे उघडा आहे. दक्षिणेचा वारा सुटला की समोर अडवायला काहीच नाही, मोकळ्या सरोवराची पूर्ण रुंदी घेऊन लाटा येतात. सकाळी पाणी तेलासारखं सपाट, आणि दुपारी दोनला तुम्ही बेटाआड अडकलेले, हे नेहमीचं आहे. म्हणून सुट्टीचे दिवस मोजताना वाऱ्यासाठी वेगळे दिवस ठेवा. तीन दिवस मासेमारी करायची तर पाच दिवसांचं जेवण न्या. सोमवारी कामावर हजर व्हायचंच आहे अशी माणसं रविवारी नको त्या पाण्यात होडी घालतात. इथले बहुतेक अपघात त्या घाईत होतात, असं माझं ठाम मत आहे.

बर्फाचं वेळापत्रक: यलोनाइफ बे साधारण जूनच्या सुरुवातीला मोकळा होतो, मोठं सरोवर जूनच्या मध्यापर्यंत. ईस्ट आर्मच्या आतल्या भागात, विशेषतः मॅकलाउड बेमध्ये, जूनच्या अखेरीपर्यंत बर्फ असू शकतो. सप्टेंबरच्या मध्यानंतर वादळं वाढतात, दिवस झपाट्याने आखडतो. तेव्हा बाहेरून येणाऱ्याने मोठ्या पाण्यावर जाऊ नये.

मासे. लेक ट्राउट, नॉर्दर्न पाइक (इथे सगळे जॅकफिशच म्हणतात), व्हाइटफिश, बर्बट, ओढ्यानद्यांच्या तोंडाशी ग्रेलिंग, दक्षिणेकडे इन्कोनू आणि पिकरेल. नवख्याला सगळ्यात लवकर लागतो तो जॅकफिश. बेटांमधल्या उथळ, गवताळ खाड्यांत चमच्यासारखं धातूचं आमिष फेकलं की झडप घालतो. लेक ट्राउट बर्फ सुटल्यावर काही आठवडे किनाऱ्यालगत वर असतो. पाणी तापलं की यलोनाइफ बाजूला खोल जातो. ईस्ट आर्मचं पाणी तापतच नाही, म्हणून तिथे तो उन्हाळाभर वरच्या थरातही मिळतो. मोठ्या ट्राउटसाठी जगभरातून माणसं तिथे येतात ती यामुळेच.

बाकी प्रश्न विचाराल तसं लिहीन.

---

सातपुडा

फार उपयोगी धागा, वाचनखूण साठवली. आम्ही जुलैत येतोय, सोबत आठ आणि अकरा वर्षांची मुलं. दोन प्रश्न आहेत ताई. अल्बर्टात मोटरबोट चालवायला ऑपरेटर कार्ड लागतं, तसं तिथे लागतं का? आणि भाड्याची होडी घेऊन आम्ही दोघं आपापलं जाऊ शकतो का?

---

उत्तरवारा

@सातपुडा, कार्डाचा नियम नॉर्थवेस्ट टेरिटरीज आणि नुनावुटच्या पाण्याला लागू नाही. पण त्याचा अर्थ शिक्षण नको असा घेऊ नका. भाड्याने देणारे अनुभव विचारतात आणि विचारायलाच हवा. स्वतःची होडी आणणार असाल आणि इंजिन १० हॉर्सपॉवर किंवा त्याहून मोठं असेल, तर होडीचा परवाना क्रमांक दोन्ही बाजूंना हवा. तो नियम इथेही आहे. प्रत्येकाला मापाचं लाइफ जॅकेट. मुलांना मोठ्यांचं जॅकेट घालून चालत नाही, पाण्यात पडल्यावर ते डोक्यावरून निघून जातं.

मासेमारीचं लायसन्स वेगळं. त्याचं वर्ष १ एप्रिल ते ३१ मार्च. गळाला उलटा दात चालत नाही. पकडीने दाबून सपाट केला तरी चालतो. जिवंत मासा आमिष म्हणून वापरता येत नाही. किती मासे ठेवायचे याची मर्यादा माशागणिक आणि पाण्यागणिक वेगळी आहे, ग्रेट स्लेव्हची स्वतःची आहे. लायसन्ससोबत मिळणारी त्या वर्षाची पुस्तिका वाचाच. मी इथे आकडे मुद्दाम लिहीत नाही, कारण धागा जुना होतो आणि नियम बदलतात.

दुसऱ्या प्रश्नाचं स्पष्ट उत्तर: मुलांना घेऊन मोठ्या सरोवरावर एकटे जाऊ नका. एक दिवस स्थानिक गाइड घ्या. बाकीचे दिवस इंग्रॅहम ट्रेलवर घालवा. यलोनाइफहून पूर्वेला जाणारा हा सुमारे ७० किलोमीटरचा रस्ता टिबिट लेकपाशी संपतो. वाटेत प्रॉस्परस, प्रेल्यूड अशी तळी लागतात, रॅम्प आहेत, प्रेल्यूडला तंबूची जागा आहे. पाणी लहान, काठ जवळ, आणि मुलांच्या गळाला जॅकफिश लागला की त्यांच्यासाठी तो ग्रेट स्लेव्हमधला असण्याची काही गरज नसते. डास आणि चावणाऱ्या काळ्या माश्यांसाठी जाळीच्या टोप्या आणा. जुलैच्या पूर्वार्धात त्याशिवाय काठावर उभं राहवत नाही.

---

खाडीपलीकडे

मी मूळचा उरणचा, वडिलांची होडी होती. आता फोर्ट मॅकमरीला असतो. गोड्या पाण्यात लाट ती काय, असं इकडे आल्यावर वाटायचं. हे रिव्हरला एकदा मित्राच्या होडीतून बाहेर पडलो आणि तो विचार तिथेच संपला.

समुद्राची मोठी लाट लांबून येते, होडी तिच्यावर चढते आणि उतरते, मध्ये श्वास घ्यायला वेळ असतो. इथे पश्चिम भागात पाणी उथळ, त्यामुळे लाट उभी राहते आणि पाठोपाठची लगेच येते. होडीचं नाक एकीतून बाहेर येईपर्यंत दुसरीत घुसतं. मीटर-दीड मीटरची लाट सोळा फुटी ॲल्युमिनियमच्या होडीला पुरे आहे. अशा वेळी लाटेला सरळ छातीवर न घेता थोडं तिरकं घ्यायचं, वेग कमी ठेवायचा आणि सामान मध्ये, तळाशी बांधायचं. नाकाकडे वजन ठेवलंत तर होडी पाणी पिते.

आणि नांगराचा दोर लांब ठेवा. इंजिन बंद पडलं तर खडकावर जाण्याआधी नांगर हाच हात असतो. आमच्याकडे दोर आखूड ठेवणाऱ्याला म्हातारे रागवायचे, ते इथेही तितकंच खरं आहे.

---

उत्तरवारा

@खाडीपलीकडे, नाकाकडच्या वजनाचा मुद्दा मोलाचा, माझ्याकडून लिहायचा राहिला होता. एक भर घालते. मुख्य इंजिनाशिवाय एक लहान इंजिन हवंच. दुसऱ्या इंजिनाला वेगळी टाकी ठेवा. पुष्कळदा इंजिन बंद पडतं ते टाकीत पाणी किंवा कचरा गेल्यामुळे, आणि दोन्ही इंजिनं एकाच टाकीवर असतील तर दोन्ही बसतात.

पेट्रोलचा हिशेब तीन भागांत: एक भाग जायला, एक यायला, एक वाऱ्यासाठी. भरलेल्या अठरा फुटी होडीला आमच्याकडे किलोमीटरला पाऊण ते एक लिटर लागतं. लाटांत ते सहज वाढतं. लुट्सेल के यलोनाइफहून दोनशे किलोमीटरच्या वर आहे आणि मध्ये कुठेही पेट्रोल नाही. गावात मिळतं, पण कोणत्या दिवशी, किती वाजता, हे आधी फोन करून विचारा.

---

डॉ. सावली

थंड पाण्याबद्दल डॉक्टर म्हणून लिहिते, कारण याबद्दलचा समज बहुतेकांचा चुकीचा असतो. माणूस पाण्यात पडला की गारठून काही मिनिटांत मरतो, असं लोक धरून चालतात. मॅनिटोबा विद्यापीठातले गॉर्डन गीझब्रेख्ट यांनी स्वतः गार पाण्यात उतरून केलेल्या कामातून एक सोपं सूत्र लोकांपुढे ठेवलं: एक-दहा-एक.

पहिलं मिनिट श्वासाचं. गार पाण्याच्या धक्क्याने धाप लागते, तोंड पाण्याखाली असताना ती लागली तर पाणी छातीत जातं. त्या मिनिटात काहीही करायचं नाही, फक्त डोकं वर ठेवून श्वास ताब्यात आणायचा. पुढची दहा मिनिटं हातपायांची. तेवढ्या वेळात बोटं चालतात, दोर धरता येतो, होडीवर चढता येतं. त्यानंतर स्नायू ऐकत नाहीत. आणि शुद्ध हरपायला साधारण एक तास लागतो.

म्हणजे ज्याने जॅकेट घातलंय त्याला वाचवायला तासभर हाताशी असतो. ज्याचं जॅकेट सीटखाली ठेवलंय तो बहुधा पहिल्या मिनिटात किंवा हात थकल्यावर बुडतो. थंडीने मरायची त्याची वेळच येत नाही. पोहता येणाऱ्यांनी हे जास्त लक्षात घ्यावं. ईस्ट आर्मच्या पाण्यात पट्टीचा पोहणाराही दहा मिनिटांनंतर हात मारू शकत नाही.

सॅटेलाइटवरून निरोप पाठवणारं यंत्र अंगावर बांधा, बॅगेत ठेवू नका. उलटलेल्या होडीखालच्या बॅगेतल्या यंत्राचा उपयोग शून्य.

---

मीठमिरची

हे सगळं वाचून जायची इच्छा आणि भीती दोन्ही वाढली. पण एक मनापासून विचारते. मासा पकडायचा, फोटो काढायचा आणि सोडून द्यायचा, हे मला पटत नाही. आमच्या घरी मासा पकडतात तो ताटात येण्यासाठी. जिवाला गळ टोचायचा तो निव्वळ खेळ म्हणून, यात कोणती करुणा? भूक असेल तर धरा, नाहीतर धरू नका.

---

उत्तरवारा

@मीठमिरची, तुमचं म्हणणं मला मान्य आहे, आणि इथल्या कित्येक डेने (इथले मूळ रहिवासी) वडीलधाऱ्यांचंही अगदी हेच म्हणणं आहे. माशाशी खेळू नये, असं ते सांगतात.

तरीही मोठा ट्राउट मी सोडते, आणि त्याचं कारण सांगते. या पाण्यात मासा फार हळू वाढतो. लेक ट्राउटला अंडी घालण्याजोगं व्हायलाच इथे दहा-बारा वर्षं किंवा जास्त लागतात. पुढे तो चाळीस-पन्नास वर्षं जगू शकतो. हातात आलेला दहा किलोचा मासा म्हणजे कदाचित तुमच्या-माझ्या वयाचा जीव. तो काढला की त्याची जागा भरायला तेवढीच दशकं जातात. लहान मासा खाण्यासाठी घेतला तर सरोवराला तो सोसवतो.

म्हणून आमच्या घरचा नियम: जेवणापुरता एक-दोन लहान मासे घ्यायचे आणि गळ गुंडाळायचा. त्यानंतर होडीत बसून नुसतं पाहायचं. जूनमध्ये रात्री अकरालाही ऊन असतं, बघण्यासारखं पुष्कळ आहे. आणि मोठा चुकून लागलाच तर त्याला पाण्याबाहेर न काढता, ओल्या हाताने, पकडीने गळ सोडवायचा. दिवसभर पकडा आणि सोडा, पकडा आणि सोडा, हे मलाही रुचत नाही. सोडलेले सगळे मासे जगतात असंही नाही.

---

गळवाला

सोडण्याबद्दल तांत्रिक भर. लेक ट्राउटच्या हवेच्या पिशवीला अन्ननलिकेशी जोडणारी वाट असते, त्यामुळे खोलातून सावकाश वर आणला तर तो हवा बाहेर टाकू शकतो, वर येताना बुडबुडे दिसतात. बर्बटला ही सोय नाही. खोलातून काढलेला बर्बट सोडून फारसा उपयोग नसतो, तो खायला न्या, चव उत्तम. एकदाती गळ वापरा, तीन दातांचा काढून टाका. कापडी जाळीपेक्षा रबराची जाळी बरी, माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर टिकतो.

जगातला नोंदलेला सर्वांत मोठा गळाचा लेक ट्राउट, ७२ पौंडांचा, १९९५ मध्ये ग्रेट बेअर लेकमधून निघाला. तोही याच टेरिटरीत, आणखी उत्तरेला.

---

पाणकोंबडी

खाण्याचा विषय निघालाच आहे तर: यलोनाइफजवळच्या जुन्या सोन्याच्या खाणीचं आर्सेनिक पाण्यात आहे असं वाचलं होतं. मग मासे खावेत का?

---

क्षारसंहिता

पाण्याच्या तपासण्यांचं काम करतो, म्हणून उत्तर देतो. जायंट माइन १९४८ ते २००४ चालली. दगड भाजून सोनं काढताना निघालेलं सुमारे २,३७,००० टन आर्सेनिक ट्रायऑक्साइड आजही खाणीच्या पोटात साठवलेलं आहे. ते गोठवून जागीच ठेवण्याचं काम सरकार करत आहे. सुरुवातीच्या वर्षांत धुराड्यातून बाहेर पडलेलं आर्सेनिक आसपासच्या जमिनीवर आणि लहान तळ्यांत बसलं. शहराभोवतीच्या या लहान तळ्यांबद्दल आरोग्य विभागाच्या सूचना आहेत: कुठे पोहू नये, कुठला मासा खाऊ नये. नकाशा पाहून जा. ग्रेट स्लेव्हचं मोकळं पाणी ही वेगळी गोष्ट आहे, तिथे पाण्याचा साठाच अफाट आहे.

ट्राउट आणि जॅकफिशच्या बाबतीत विचार करायचा तो पाऱ्याचा. मासा जितका मोठा, म्हातारा आणि दुसऱ्या माशांवर जगणारा, तितका अंगात पारा जास्त. व्हाइटफिश किडे-शिंपले खातो, त्याच्यात कमी. गरोदर बायका आणि लहान मुलांनी व्हाइटफिश निर्धास्त खावा, मोठा ट्राउट टाळावा. म्हणजे उत्तरवारा ताईंचा घरचा नियम तब्येतीलाही सोयीचाच आहे.

---

मीठमिरची

@उत्तरवारा, वयाचं गणित माहीत नव्हतं. पन्नास वर्षांचा मासा मीही कापणार नाही. जेवणापुरता घ्यायचा आणि थांबायचं हे पटलं. व्हाइटफिश तळताना काय लावता?

---

उत्तरवारा

हळद, मीठ, तिखट, आगळ, वरून रवा. व्हाइटफिशला अंगची चरबी असते, तेल कमी लागतं. जॅकफिशचे इंग्रजी वाय आकाराचे काटे काढायला शिकावं लागतं. पाठीच्या रेषेलगत काट्यांची ओळ हाताला लागते, तिच्या दोन्ही बाजूंनी सुरी घालून पट्टीच बाहेर काढायची. आमच्याकडे बरेच जण त्याचं कालवण करतात आणि काटे ताटात वेचतात.

---

रानवाटा

ईस्ट आर्मबद्दल लिहितो, कनूने (वल्ह्याच्या अरुंद होडीने) गेलेलो आहे. यलोनाइफहून पूर्वेला ग्रो कॅप ओलांडलं की हर्न चॅनल सुरू होतो. पुढे पेथाई नावाचं लांबच लांब द्वीपकल्प पाण्याचे दोन भाग करतं. उत्तरेला मॅकलाउड बे, त्याचं तोंड म्हणजे टाल्थेलेची अरुंद वाट. तिथे प्रवाह इतका की हिवाळ्यातही पाणी गोठत नाही, आणि ट्राउट तिथे जमतात. दक्षिणेला क्रिस्टी बे आणि लुट्सेल के. पेथाईचे कडे सरळ पाण्यात उतरतात. कित्येक किलोमीटर होडी लावायला जागा नाही. नकाशावर उतरण्याच्या जागा आधी खुणा करून ठेवा आणि त्या पट्ट्यात पहाटेच शिरा.

२०१९ पासून या भागात थायडेने नेने संरक्षित क्षेत्र आहे, एकूण २६,००० चौरस किलोमीटरपेक्षा जास्त. त्यातला राष्ट्रीय उद्यानाचा भाग सुमारे १४,००० चौरस किलोमीटर. कारभार लुट्सेल केचे डेने लोक, पार्क्स कॅनडा आणि टेरिटरीचं सरकार मिळून पाहतात. १९७० च्या सुमारास जेव्हा इथे पार्कचा प्रस्ताव आला, तेव्हा गावाने तो नाकारला होता, कारण त्यात त्यांच्या शिकारीचा, माशांचा, जगण्याचा विचार नव्हता. पुढची कित्येक दशकं बोलणी करून त्यांनी स्वतःच्या अटींवर ते घडवलं. पाण्यावर तुम्हाला नी हाट्नी डेने या गटाचे रक्षक भेटतील. गावातलीच तरुण-म्हातारी मंडळी. थांबा, बोला, कुठे उतरावं, कुठे नको, विचारा. खडक कुठे वर आलाय हे त्यांच्याइतकं कुठल्याही नकाशाला माहीत नाही.

लॉकहार्ट नदीवरच्या पॅरी धबधब्याशी 'ओल्ड लेडी ऑफ द फॉल्स'चं स्थान आहे. डेने लोक तिथे नवस बोलायला, बरं व्हायला जातात. ते पर्यटनस्थळ नाही. गावाची परवानगी आणि सोबत असल्याशिवाय जाऊ नये.

---

हेरिव्हरकर

दक्षिण काठावरून. इतकी चर्चा झाली पण पाणी किती खाली गेलंय हे कुणी लिहिलं नाही. २०२० च्या उन्हाळ्यात सरोवर विक्रमी भरलं होतं, आणि २०२३-२४ मध्ये विक्रमी आटलं. मुख्य कारण दक्षिणेकडचा दुष्काळ. सरोवरात येणारं बहुतेक पाणी स्लेव्ह नदीतून येतं, आणि तिच्यात पीस आणि अथाबास्का नद्यांचं. पीसवर ब्रिटिश कोलंबियात १९६८ चं बेनेट धरण आहे, त्यामुळे नदीचा हंगामी चढउतार आधीच बदललेला आहे. २०२४ मध्ये सरोवरातून निघणाऱ्या मॅकेन्झीतून माल नेणाऱ्या बार्जच्या काही फेऱ्या पाण्याअभावी रद्द झाल्या, आणि ज्या गावांना रस्ता नाही त्यांना माल विमानाने न्यावा लागला.

होडीवाल्यांसाठी याचा अर्थ असा की चार्टवर ज्या खडकावर दोन मीटर पाणी दिसतं तिथे पाऊण मीटर असू शकतं. जुन्या जीपीएसवर साठवलेला मार्ग डोळे मिटून घेऊ नका. रॅम्पच्या टोकाला काँक्रीट संपतं तिथे ट्रेलरचं चाक खाली उतरतं, आधी काठीने बघा. निघण्यापूर्वी पाण्याची पातळी सरकारच्या संकेतस्थळावर दिसते, पाच मिनिटांचं काम आहे.

इथे १९४५ पासून व्यापारी मासेमारी चालते. पश्चिम भागात जाळी असतात, तरंगते गोळे दिसले तर लांबून वळा. ईस्ट आर्म व्यापारी जाळ्यांना बंद आहे. इन्कोनू मात्र इकडे पूर्वीच्या मानाने कितीतरी कमी झाला. नदीत अंडी घालायला चढणारा मासा, नदीच्या तोंडाशीच जाळी लागली की संपतो. आपल्या गळाला लागला तर कृपा करून सोडा.

---

खाडीपलीकडे

@हेरिव्हरकर, इन्कोनूचं वाचून वाईट वाटलं. आमच्याकडे महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना बंदी असते, मासा अंडी घालतो म्हणून. वडील तर कायदा नव्हता तेव्हाही होडी शाकारून ठेवायचे, आणि नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ दिल्याशिवाय पाण्यात घालायचे नाहीत.

इथे एका डेने आजोबांसोबत होडीत बसलो होतो. निघण्याआधी त्यांनी चिमूटभर तंबाखू पाण्यात सोडला, काही पुटपुटले आणि मला म्हणाले, तूही दे. मी माझ्या आज्जीला आठवून दिला. तुम्ही इथल्या माणसासोबत निघालात तर घाई करून इंजिन सुरू करू नका, त्यांचं होऊ द्या. विचारलंत तर तेही सांगतात, तुमच्याकडे काय करतात ते आवडीने ऐकतात.

---

सातपुडा

सगळ्यांचे आभार. योजना बदलली: चार दिवस प्रेल्यूडला तंबू, एक दिवस गाइडबरोबर मोठ्या सरोवरावर. आमच्याकडे १३ ते २१ जुलै एवढे दिवस आहेत. गाइडचा दिवस कधीचा ठरवू?

---

उत्तरवारा

@सातपुडा, आठवड्याच्या सुरुवातीचा ठरवा, म्हणजे वाऱ्याने हुकला तर पुढे ढकलायला दिवस उरतात. शेवटच्या दिवसांवर ठेवलात तर हुकला तो हुकला. ठरवतानाच विचारा की वारा असेल तर दिवस बदलून देतात का. चांगला गाइड आपणहून "आज नको" म्हणतो. त्याच्याशी वाद घालू नका.

पहाटे पाचला निघायची तयारी ठेवा, तेव्हा ऊन केव्हाच वर आलेलं असतं आणि पाणी बहुतेक शांत. मुलांना लोकरीचे मोजे, टोपी, हातमोजे आणि वाऱ्याचं जॅकेट. काठावर २५ अंश असलं तरी मधल्या पाण्यावर हुडहुडी भरते. वणव्यांचा धूर असेल तर पलीकडचं बेट दिसत नाही, त्या दिवशीही निघू नका. २०२३ च्या ऑगस्टमध्ये तर वणव्यामुळे सगळं यलोनाइफ रिकामं करावं लागलं होतं, म्हणून येण्याआधी रस्त्याची आणि वणव्यांची स्थिती बघाच. कुठे जाताय आणि कधी परतणार हे काठावरच्या कुणाला तरी लिहून द्या. कुणी नसेल तर मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, मी नोंद ठेवीन आणि परतल्याचा निरोप येईपर्यंत जागी असेन.